पाऊण तोळ्याचा बार

मराठीत ‘बार’ हा शब्द इतका घरोब्याचा झाला आहे की त्याचे मूळ दारूगोळ्याच्या कोठीत आहे याची आठवण आता सहसा कोणाला होत नाही. फारसीत बार म्हणजे ओझे. आपल्या मोंढ्यातले ‘बारदान’ त्याच घराण्यातले. बंदुकीच्या नळीत उतरवायचे दारूचे व गोळीचे ओझे तो बार. आणि तेथून निघून हा शब्द तंबाखू मळणाऱ्याच्या तळहातावर गेला, लग्नाचा बार उडवून मोकळे होणाऱ्या वधूपित्याच्या तोंडी बसला, आणि ज्याच्या बोलण्यात आवाज आहे पण परिणाम नाही अशा माणसाला ‘फुसका बार’ म्हणण्याच्या उपयोगी पडला. तंबाखूचा बार भरणाऱ्याने चिमटीत किती तंबाखू घ्यावी व तिच्यावर नखाने किती चुना ओढावा हे कोणी कोणाला शिकवीत नाही. ज्याचे त्याचे प्रमाण ज्याच्या त्याच्या जिभेने ठरलेले असते. शिकारीच्या रायफलीचेही असेच आहे. परंतु ते असे आहे हे उमगायला, आणि उमगल्यावर ते प्रमाण खात्रीने शोधून काढण्याची रीत बसायला, दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा बराच भाग हिंदुस्थानच्या भूमीवर, जुन्या मुंबई इलाख्यात व मध्यप्रांतात घडलेला असल्यामुळे त्याची हकीकत मराठीत सांगितली जावी असे मला फार दिवस वाटत आले आहे.

ठासणीच्या बंदुकीच्या काळी माप हाताचेच होते. तळहातावर गोळी ठेवावी, तिच्यावर दारू ओतावी, आणि गोळी पुरती झाकली की तेवढी दारू त्या गोळीला बस, असा एक आडाखा पुष्कळ देशांतल्या शिकाऱ्यांत रूढ होता. दुसरा आडाखा गजाचा. शिंगातून दारू नळीत सोडायची, वर चिंधीचा बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासून झाल्यावर गज नळीच्या तोंडाबाहेर किती बोटे उरतो ते पाहायचे. चार बोटांचा बार हरणाला, त्याहून अधिक रानडुकराला. शेवटी कानावर रंजक ठेवायची आणि नशिबावर हवाला. या रीतीला हसण्याचे कारण नाही, कारण वीस-पंचवीस पावलांवर, पाणवठ्याशी दबा धरून बसलेल्या माणसाला याहून सूक्ष्म माप लागतही नव्हते. नळी गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा थोडी सैल, आणि दारू तर प्रत्येक गावच्या कारागिराची निराळी.

दारू हा पदार्थच मुळी लहरी. सोरा, गंधक आणि कोळसा या तिहींचे मिश्रण. पण कोळसा कोणत्या लाकडाचा यावर तिचा वेग अवलंबून. विलायतेत विलो आणि आल्डर या झाडांचा कोळसा नावाजलेला होता, तर हिंदुस्थानातील कारखान्यांत तुराट्यांचा कोळसाही वापरीत. ज्या तुराट्यांनी आमच्या देशावरच्या आयाबाया चुली पेटवीत आल्या, त्याच तोफेच्या पोटात गेल्या, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. त्यातून सोऱ्यात मिठाचा अंश राहिला की दारू हवेतील ओल शोषून घेते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना घरांपासून दूर असावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण वगैरे बाहेर काढून, ऊन दाखवून, पुन्हा मुद्रा करून ठेवावे, अशी ताकीद आहे. सह्याद्रीच्या पावसाळ्यात ज्याने तांदळाची कोठी राखली आहे त्याला त्या ताकिदीचे मर्म समजावून सांगायला नको. ओल खाल्लेली दारू मापाला तितकीच भरते, वजनाला थोडी जास्तच भरते, आणि गोळी मात्र निशाणाच्या खाली मातीत जाते.

हे सगळे अंदाजाचे राज्य पहिल्याने मोडले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या तोफविद्येवरील आपल्या ग्रंथात त्याने एका साध्या यंत्राचे वर्णन केले: टांगलेला एक जड लाकडी लंबक, त्यावर गोळी झाडायची, आणि लंबक किती मागे झुलला यावरून गोळीचा वेग गणिताने काढायचा. बंदुकीची गोळी सेकंदाला सोळा-सतराशे फूट जाते हे तेव्हा पहिल्यांदा मोजून कळले, आणि बार कमी-जास्त केल्याने वेग किती घटतो-वाढतो हे वादाऐवजी आकड्यांत सांगता येऊ लागले. आतून वळशाच्या खाचा पाडलेल्या, म्हणजे पिळाच्या, नळीतून सुटलेली गोळी स्वतःभोवती फिरत गेल्यामुळे सरळ का जाते, याचेही विवेचन त्याने १७४७ मध्ये केले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला मुख्य अभियंता नेमले, आणि १७५१ साली मद्रासच्या किनाऱ्यावरील फोर्ट सेंट डेव्हिड येथे, नव्या कामास पुरता हात घालण्यापूर्वीच, तो ज्वराने वारला.

पीळ आला आणि बाराचा प्रश्न दुपटीने बिकट झाला. गोळी पिळात घट्ट बसली तरच फिरणार. घट्ट बसवायची तर तोंडाकडून ठोकून उतरवावी लागणार. आणि एक-दोन बार झाले की जळलेल्या दारूची काजळी नळीत इतकी साचणार की पुढची गोळी निम्म्या वाटेवर अडकणार. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून वायू होत नाही, घनरूपानेच मागे उरतो. तो नळीत बसतो आणि धूर होऊन शिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे तरंगतो. यावर तोड एकच होती, ती म्हणजे स्निग्ध पदार्थ. वंगण काजळीला मऊ ठेवते, आणि मऊ काजळीतून प्रत्येक गोळी सारख्याच जोराने उतरते. नेम लागण्यात वंगणाचा वाटा दारूइतकाच मोठा आहे, ही गोष्ट शस्त्रशाळेतील लोकांना पक्की ठाऊक होती. परंतु ते वंगण कोणत्या जनावराच्या चरबीचे आहे याचा विचार त्यांनी केला नाही, आणि १८५७ च्या जानेवारीत डमडमच्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांची वार्ता छावण्या-छावण्यांतून फिरली. शिपायांनी आपले मेण-तूप आपणच लावावे अशी परवानगी मागाहून देण्यात आली, पण तोवर विश्वास उडाला होता. त्या वर्षीच्या उठावाची कारणे खोल व पुष्कळ होती. तरी काडतुसाला चरबी का हवी होती, हे आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच सांगितलेले आढळते, म्हणून येथे नमूद केले.

त्याच सुमारास सिंधच्या वाळवंटात एक विलक्षण माणूस याच प्रश्नाला भिडला होता. जॉन जेकब हा मुंबई सैन्याच्या तोफखान्यातील अधिकारी. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. खानगढ नावाच्या ओसाड ठाण्याच्या जागी त्याने जे शहर वसवले ते आज जेकबाबाद म्हणून ओळखले जाते. जगातील अत्यंत उष्ण गावांपैकी ते एक. आणि तेथे सपाट मैदानात मातीच्या विटांच्या मोठाल्या भिंती निशाणासाठी उभारून हा गृहस्थ वर्षानुवर्षे चांदमारी करीत राहिला. पिळाच्या खाचा किती, त्यांचा वळसा किती, गोळीचा आकार कसा, दारू किती, हे सर्व त्याने स्वखर्चाने पालटून पालटून पाहिले, आणि शेवटी चार खाचांची, चोवीस इंची नळीत चार-पंचमांश वळसा घेणारी दुनळी रायफल सिद्ध केली. तिच्यावर दोन हजार यार्डांपर्यंतची निशाणपट्टी होती. १८५८ च्या डिसेंबरात तो जेकबाबादेतच वारला. त्याच्या चिकाटीपुढे माझे मस्तक नम्र होते; पण त्याने काढलेल्या स्फोटक गोळ्या शिकाऱ्यांच्या हाती आल्या, आणि दूरच्या जनावरावर नेम न साधताच बार टाकण्याचा मोह त्यांना झाला, हे चांगले झाले नाही.

जेकबाच्या उलट टोकाला जेम्स फोर्सिथ उभा आहे, आणि या सर्व इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस तोच. १८६१ साली नागपूर राजधानी करून मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्याच्या जंगलांची पाहणी करण्याच्या कामी जे तरुण अधिकारी लागले त्यांत हा बंगाल सैन्याचा लेफ्टनंट होता. पचमढीच्या पठारावर त्याने बांधलेला ‘बायसन लॉज’ हा बंगला अजून उभा आहे. पुढे त्याने निमाडात जमाबंदीचे काम केले. म्हणजे दिवसा शेतांच्या मोजणीचे आणि सवड मिळेल तेव्हा दारूच्या मोजणीचे. १८७१ साली, तेहतिशीच्या आसपास, तो निवर्तला, आणि मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला. त्याआधीच शिकारीच्या रायफलीवर त्याने एक लहानसे पुस्तक लिहिले होते, आणि त्यातला विचार त्या काळी बहुतेकांच्या समजुतीला धक्का देणारा होता.

तो विचार असा. सैनिकी रायफल दूरच्या, ठरलेल्या अंतरावरील निशाणासाठी केलेली असते. एन्फिल्डचा बार अडीच ड्रॅमचा, म्हणजे आपल्या हिशेबी साडेचार मासे. गोळी ५३० ग्रेनांची. म्हणजे गोळीच्या वजनाच्या मानाने दारू अवघी अष्टमांश. अशी गोळी कमान करून जाते. अंतर नेमके ठाऊक असेल तर निशाणपट्टी चढवून नेम लागतो, पण सागाच्या जंगलात, गवतात उभ्या असलेल्या सांबराचे अंतर कोण मोजून देणार? ऐंशी यार्ड समजून झाडलेली गोळी सव्वाशे यार्डांवर पोटाखालून जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पोटात लागते, आणि ते जनावर चार दिवस रानात तडफडत मरते. फोर्सिथचे म्हणणे असे की शिकारीत बहुतेक बार दीडशे यार्डांच्या आतच होतात. तेव्हा एवढ्या टप्प्यात गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाईल असा जोरकस बार हवा. पण बार वाढवला की नवी अडचण. गोल गोळी दाट पिळात जोराने रेटली तर ती पीळ सोडून नुसती पुढे घसरते, आणि मग न फिरता भलतीकडे जाते. यावर त्याने पीळच विरळ केला: एन्फिल्डचा एक वळसा साडेसहा फुटांत, तर याचा आठ फूट आठ इंचांत, आणि त्यात तेलकट कापडात गुंडाळलेली चौदा बोरची गोल गोळी.

‘बोर’ म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे, कारण बारा बोरची बंदूक आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे, पण ते बारा कशाचे हे फार थोड्यांना. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोरची नळी. चौदा बोरची गोळी म्हणजे पौंडाचा चौदावा भाग, ५०० ग्रेन, पावणेतीन तोळ्यांहून किंचित अधिक. आणि त्यामागे फोर्सिथ पाच ड्रॅमपर्यंत दारू घाली. कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनांचा ठरवला होता, रुपयाही तेवढ्याच वजनाचा. त्या मापाने पाच ड्रॅम म्हणजे जवळजवळ बरोबर पाऊण तोळा. गोळीच्या चतुर्थांशाहून अधिक दारू! सैन्यातल्या बाराच्या दुपटीहूनही थोडे जास्तच. खांद्याला धक्का मोठा बसे, पण दीडशे यार्डांच्या आत अंतराचा अंदाज चुकला तरी गोळी मर्मस्थानाच्या आसपासच जाई. अचूकपणा म्हणजे कागदावरची लहान भोके एवढेच त्याने मानले नाही; जंगलात, घाईत, माणसाच्या चुकीला पोटात घालील तो बार अचूक, असा अर्थ त्याने केला. मला तो अर्थ आजही योग्य वाटतो.

फोर्सिथच्या गोल गोळीचा काळ लवकरच सरला. लंडनच्या पर्डी कारखान्याने १८५६ साली आपल्या एका नव्या रायफलीला जलद आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ नाव दिले होते. हलकी, पोकळ टोकाची लांबट गोळी आणि भरपूर दारू, हे तिचे तत्त्व. पितळी काडतुसे आली तशी ही एक्स्प्रेस रायफल हिंदुस्थानातील शिकाऱ्यांच्या हातात सर्वत्र दिसू लागली. ती बहुधा दुनळी असे, आणि दुनळीची गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. शेजारी-शेजारी दोन नळ्या समांतर जोडल्या तर त्यांच्या गोळ्या एका ठिकाणी पडत नाहीत, कारण उजवी नळी झाडताना धक्क्याने बंदूक उजवीकडे झुकते व डावी झाडताना डावीकडे. म्हणून कारागीर दोन्ही नळ्यांची तोंडे किंचित एकमेकींकडे वळवून कथलाच्या डाकाने जोडतो. किती वळवायची हे कोणत्याही कोष्टकात नाही. तो ठरलेला बार भरतो, उजवी झाडतो, डावी झाडतो, कागद पाहतो. मग तोंडाशी आच देऊन डाक पातळ करतो, दोन नळ्यांमधली पाचर केसभर सरकवतो, निववतो, पुन्हा झाडतो. असे कित्येकदा. शेवटी दोन्ही गोळ्या एका जागी पडू लागल्या की तो बार त्या रायफलीशी कायमचा बांधला जातो. दारूचे माप बदला, आणि त्याच दोन नळ्यांच्या गोळ्या दोन दिशांना जातील.

छावणीतील साहेब आणि संस्थानांचे शिकारखाने विलायतेहून येणाऱ्या तयार काडतुसांची वाट पाहत बसत नसत. पितळी काडतूस हे पुन्हा पुन्हा भरण्यासाठीच होते. संध्याकाळी व्हरांड्यात मेजावर सरंजाम मांडला जाई: उडालेली टोपी काढण्याचे हत्यार, नवी बसवण्याचे हत्यार, लाकडी दांड्याचे पितळी माप, नमद्याच्या चकत्या, मेण, कागद गुंडाळलेल्या गोळ्या. माप दारूत बुडवायचे, वरची शीग सुरीच्या पाठीने सपाट करायची, आणि फनेलातून दारू काडतुसात सोडायची. तीही एका संथ धारेने, कारण एकदम ओतलेली दारू सैल बसते व हळू सोडलेली दाट बसते, आणि तेवढ्या फरकाने शंभर यार्डांवर गोळी बोट-दोन बोटे वर-खाली होते. मग चकती, मेण, पुन्हा चकती, गोळी. या कामात बोलण्याची बंदी असे म्हणतात. एका काडतुसात दारू दोनदा पडली तर काय होईल, हे ज्याला ठाऊक आहे तो बोलणारच नाही.

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने निर्धूर दारू सिद्ध केली, १८८९ मध्ये इंग्लंडात कॉर्डाइट निघाले, आणि हाताने बार भरणाऱ्याची जुनी जाण पुष्कळशी निरुपयोगी झाली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी रायफलीत काळी दारू ८५ ग्रेन लागे. ०.३०३ इंच व्यासाच्या रायफलीच्या काडतुसात कॉर्डाइट सुमारे ३१ ग्रेन, जेमतेम दोन मासे, आणि तरी वेग कितीतरी अधिक. काळी दारू चूक पोटात घाली. ही निर्धूर दारू घालीत नाही. शिवाय कॉर्डाइट उष्णतेने अधिक चवताळते. लंडनच्या थंडीत योग्य ठरलेला बार वैशाखातल्या चांद्याच्या उन्हात तापून काडतूस नळीत चिकटवी, म्हणून हिंदुस्थानासाठी मुद्दाम कमी बाराची काडतुसे भरून पाठवू लागले. आमच्या पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू होता. सैन्याची काडतुसे तेथे होत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने ०.४५० इंच व्यासाच्या नळीच्या रायफलींवर बंदी घातली, कारण सरहद्दीवर बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनींना त्यांच्या गोळ्या चालल्या असत्या. या एका हुकुमामुळे विलायतेतील कारखान्यांना ०.४६५, ०.४७० इंच असे नवे व्यास काढावे लागले, आणि शिकाऱ्यांना आपले बार पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागले.

शोधाची रीत मात्र पक्की झाली ती अमेरिकेत. फ्रँकलिन मान हा मॅसॅच्युसेट्समधील डॉक्टर. त्याने काँक्रीटचा एक अचल चौथरा बांधून त्याला ‘शूटिंग जिब्राल्टर’ असे नाव दिले, त्यावर नळी बसवली, वाटेत कागदांचे पडदे लावले, आणि माणसाचा श्वास, खांदा, डोळा हे सारे हिशेबातून काढून टाकून फक्त नळी आणि बार यांनाच प्रश्न विचारले. एका वेळी एकच गोष्ट पालटायची, बाकी सर्व स्थिर ठेवायचे. त्याने मुद्दाम कानस लावून गोळ्या बिघडवल्या आणि पाहिले की टोक बोथट झाले तर फारसे बिघडत नाही, पण बुडाला जराशी खोच पडली तर गोळी वाट सोडते. नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श बुडाचा असतो आणि मागून येणारा वायू त्या खोचेतून तिरका निसटतो. १९०९ साली त्याने हे सर्व ग्रंथरूपाने मांडले. स्फोटाबरोबर पोलादाची नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते, आणि गोळी त्या थरथरीच्या कोणत्या क्षणाला बाहेर पडते यावर तिची दिशा ठरते, हेही त्या सुमारास लोकांच्या ध्यानात आले होते. तंबोरा जुळवणारा घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत जवारी शोधतो, आणि एका जागी तार एकाएकी बोलू लागते. अर्धा-अर्धा ग्रेन दारू वाढवीत पाच-पाच गोळ्या झाडणारा माणूस अगदी तेच करीत असतो. एका मापाला गोळ्या विखुरतात, पुढच्याला जवळ येतात, आणि कुठल्या तरी एका मापाला त्यांचा पुंजका रुपयाखाली झाकला जातो. शेजारच्या, त्याच कारखान्याच्या, त्याच साच्याच्या रायफलीला तेच माप लागू पडेलच असे नाही.

आपल्याकडे हे हस्तकौशल्य हळूहळू मिटले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक आणि दारू दोन्ही परवान्याखाली आली, स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युगच संपवले; जंगलांची दशा पाहता ते संपायलाच हवे होते.

वऱ्हाडातील एका जुन्या वाड्यात, बरीच वर्षे झाली, मला एक रिकामी ओकची पेटी पाहायला मिळाली. रायफल केव्हाच सरकारजमा झालेली. आत हिरव्या बनातीवर तिच्या आकाराचा खळगा आणि कोपऱ्यात एक काळवंडलेले पितळी माप तेवढे उरले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याची छापील चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठीवर, त्या एका रायफलीचा म्हणून, कारागिराने शाईने बार लिहिलेला होता: पाच ड्रॅम. त्याखाली बोरूने, मोडीत, कोणा कारकुनाने किंवा शिकारखान्यातल्या माणसाने ते आपल्या मापात उतरवून घेतले होते. आधी त्याने दहा मासे लिहिले असावे. तो आकडा एका आडव्या रेघेने खोडून, शेजारी, ठळक, दाबून लिहिले होते: मासे ९.